धार पाहणारा अंगठा

पितृपक्ष लागला की आमच्या ओट्यावर पिशव्या येऊन पडतात. खताच्या पोत्याच्या शिवलेल्या, कापडी, एखादी कुणाच्या लग्नात आहेरात मिळालेली, वर नवरा-नवरीची नावं छापलेली. आत हत्यारं असतात. गंज चढलेले रंधे, दात पडलेल्या करवती, मूठ फुटलेल्या पटाशा, दांडा ढिला झालेले, लाकूड तासायचे वाकस. या पंधरवड्यात कोणी नवी चौकट बसवत नाही की दार लावत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतले सुतार रिकामे असतात आणि आपली हत्यारं आमच्याकडे टाकून जातात. खांडेनवमीला ती परत हवी असतात, घासूनपुसून, धार लावून, पूजेला मांडता येतील अशी. बाहेर शिवारात सोयाबीन पिवळं पडलेलं असतं, कुठेतरी मळणीयंत्र सुरू झालेलं असतं आणि हवेत बारीक कूस उडत असते. लोकांना हे दिवस आवडतात. मला या दिवसांची भीती वाटते.

पिशवी ओट्यावर टेकताना आतलं लोखंड एकमेकांवर आपटतं. तेवढ्या आवाजाने माझ्या हातातली कानस थांबते. चार वर्षं झाली, अजून थांबते. आई म्हणते, तू लहानपणापासूनच भित्री. खरं आहे. मी पालीला भिते, विजेला भिते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला भिते. पण त्या भीत्या माझ्याबरोबर जन्माला आल्या. ही मात्र एका आश्विनात घरात शिरली आणि मग गेलीच नाही.

आम्ही धामणगाव बढ्याचे. माझे वडील भिकाजी मिस्त्री. आधी ते दारं, चौकटी, पाळणे, देव्हारे करायचे. मग तयार दारं आली, प्लायवूड आलं, आणि लोकांनी लाकूड सोडलं. बाबांनीही लाकूड सोडलं, पण हत्यारं नाही सोडली. ती करायला आणि जुनी दुरुस्त करायला लागले. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, आठ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं, अनुदान काही आलं नाही, मग एके दिवशी पदर खोचून बाबांच्या शेजारी येऊन बसले. लग्न झालं नाही. त्याबद्दल ज्यांना बोलायचं होतं ते बोलून बोलून दमले.

आमच्या छपरीत कामाची वाटणी ठरलेली होती. करवतीचे दात कानशीने काढायचे, एक आड एक वळवायचे, हे माझं. बाभळीच्या आणि तिवसाच्या मुठी करायच्या, त्याही माझ्या. भट्टी बाबांची आणि धार बाबांची. ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा आणून ते त्याचं पटाशीचं पातं घडवत. लाल करून तेलात बुडवत, मग पुन्हा हलकं तापवत आणि पात्यावर वाळल्या गवताचा रंग चढला की झटकन बाजूला घेत. तो रंग डोळ्यांची उघडझाप करेपर्यंत टिकतो. मला तो अजूनही नीट पकडता येत नाही. बाबांना मात्र छपरीच्या पार दुसऱ्या टोकाकडूनही दिसायचा.

आणि धार. आधी हाताने फिरवायच्या चाकावर पात्याला उतार काढायचा, मग सहाणेवर तेल टाकून घासत बसायचं. झाली का नाही हे पाहायला अंगठा. पातं डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याचं टोक धारेवरून आडवं न्यायचं, अगदी हलकं, धार ओलांडून. कधीही धारेच्या लांबीने नाही. चांगली धार अंगठ्याच्या बारीक रेघांना पकडते, बोथट धार त्यांच्यावरून घसरून जाते. बाबा तेव्हा डोळे मिटून घेत. लहानपणी मला वाटायचं, ते पात्याचं काहीतरी ऐकताहेत.

या धंद्यात एक रीत आहे, आणि आमचा घात त्या रीतीनेच केला. दुसऱ्या मिस्त्रीने लावलेल्या धारेवर त्याच्यासमोर अंगठा लावून पाहायचा नाही. तसं करणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं म्हणणं. गिऱ्हाईक पातं घेतं, कपाळाला लावतं, फडक्यात गुंडाळतं आणि घरी जाऊन काय ते पाहतं. मी तर पोटची पोर. एवढी वर्षं बाबांच्या शेजारी बसून मी त्यांच्या एकाही धारेला बोट लावलं नव्हतं. अभिमानाने सांगायचे मी ही गोष्ट. आता सांगताना तोंड कडू होतं.

त्या वर्षी आश्विनात ऊन फार होतं. भाद्रपदापासूनच सहाणेचा आवाज वाढला होता. सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचा, दुपारी जेवताना थोडा थांबायचा, पुन्हा सुरू. एका रंध्याच्या पात्याला बाबांना पूर्वी अर्धा तास लागायचा. आता ते दोन दोन दिवस एकाच पात्यावर बसलेले असायचे. सहाणेवरून उठून चाकाकडे, चाकावरून पुन्हा सहाणेकडे.

"झालं की, बाबा. किती घासता?" मी म्हणायचे.

"बोथट हाय अजून," ते म्हणायचे. "आजकालचं लोखंडच खराब येऊन राह्यलं."

जुन्या लोकांना नवं लोखंड नेहमीच खराब वाटतं, म्हणून मी पुन्हा माझ्या करवतीकडे वळले. ज्या पात्यांना ते खराब म्हणत होते ती त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या आधीची होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

ध्यानात यायला हव्या होत्या अशा गोष्टी त्या दिवसांत बऱ्याच झाल्या. आठवडी बाजारातून बाबा एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असे घरी आले. "दुसरी चप्पल कुठी?" आईने विचारलं. "पायातच हाय," ते म्हणाले आणि मग खाली पाहिलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की आईला ठसका लागला. आईने ती गोष्ट शेजारीपाजारी सांगितली, मी फोनवर मैत्रिणीला सांगितली. ऊन इतकं होतं की डांबर मऊ झालं होतं, आणि तशा रस्त्यावरून माणूस अनवाणी चालत आला तरी त्याला कळलं नाही. आम्हाला हसू आलं. आज ते हसणं आठवलं की मी घरात एकटी असले तरी मान खाली घालते.

मग पाण्याचा पेला. बाबांनी स्वतःचा एक पेला वेगळा केला होता. तो खिडकीत असायचा, तेच धुवायचे, तेच भरून घ्यायचे. मी म्हटलं, म्हातारपणी माणसाला असले नखरे सुचतात.

देऊळघाटचे युनूसभाई आले तेव्हा नवरात्राची सातवी माळ होती. युनूसभाई सुतार, बाबांचं पंचवीस-तीस वर्षांचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक काय, घरचेच. मोटारसायकल लावून ते नेहमीप्रमाणे आत आले, पण नेहमीसारखे बाजेवर बसले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या रंध्याचं पातं त्यांनी पितृपक्षात आमच्याकडे टाकलं होतं. ते तयार आहे असा निरोप मीच धाडला होता. बाबांनी ते फडक्यावर ठेवून पुढे केलं. युनूसभाईंनी ते कपाळाला लावलं नाही. हातात घेऊन उलटसुलट करून पाहत राहिले.

"मिस्त्री, गुस्सा नोका होऊ," ते म्हणाले. "मी टाकलं तवा हे पातं एवढं होतं." त्यांनी आपल्या बोटावर माप दाखवलं. "आता एवढंच राह्यलं. बोटभर लोखंड गेलं कुठी?"

"धार लावाले घासा तं लागंनच नं," बाबा म्हणाले.

"मांगच्या वख्ताले दोन पटाश्या बी अशाच केल्त्या तुम्ही. मी बोललो नाई. हे अब्बाचं पातं हाये म्हून बोलून राह्यलो."

"बोथट होतं ते. अजून बी हाय थोडं. तुमी घाई केली."

तेव्हा युनूसभाईंनी ते केलं जे कोणी करत नाही. बाबांच्या समोर, बाबांच्या धारेवर त्यांनी अंगठा टेकवला. टेकवला आणि लगेच काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं त्यांना तिथेच काहीतरी कळलं.

"मिस्त्री," ते अगदी हळू म्हणाले, "हे बोथट नाई हो. यानं तं दाढी होईन."

बाबांचा तोल गेला. पातं त्यांनी हिसकावूनच घेतलं. "मले शिकवता? उमर गेली माही धार लावण्यात! बोथट म्हंजे बोथट. हे पाहा." आणि त्यांनी अंगठा धारेवर दाबला आणि धारेच्या लांबीने ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हे पाहा. लागते का काही? हे पाहा." पुन्हा ओढला.

ते आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही त्यांच्या हाताकडे पाहत होतो. रक्त आधी धारेवर आलं, मग मनगटावरून उतरून सहाणेवरच्या तेलात टपटप पडायला लागलं. त्यांचा आवाज तसाच चढा, तोंडावर विजय मिळवल्यासारखं काहीतरी, आणि खाली रक्ताची धार. माझ्या आयुष्यात मी इतकी कशालाच घाबरलेली नाही.

"काऊन असे पाह्यता माह्याकडं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी खाली पाहिलं.

ते कळवळले नाहीत, हात झटकला नाही. चोरी पकडल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला, आणि त्यांनी अंगठा सदऱ्याच्या आड लपवला. युनूसभाईंनी स्वतःचा रुमाल काढून बळेच तो बांधला. पातं न घेताच ते निघाले. फाटकापाशी मला म्हणाले, "बेटी, बुलढाण्याले ने त्याइले. आजच ने. टाइम नोको लावू." मी हो म्हटलं. आणि चार दिवस नेलं नाही.

का नेलं नाही ते लिहायलाच हवं. आमच्या गावात दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं की अंगावर बधिर चट्टा असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, स्पर्श कळत नसेल, तर दाखवून घ्या. शाळेत येता-जाता ते वाचतच मी मोठी झाले. त्या आजाराचं जे जुनं नाव आहे ते गावात कोणी तोंडाने उच्चारत नाही, हातानेच काहीतरी खूण करतात. महारोग. लिहितानाही माझा हात अडखळला. शाळेत मी दर वर्षी मुलांना समजावून सांगायचे की कुष्ठरोग हा साध्या जंतूंमुळे होतो, औषधाने पूर्ण बरा होतो, त्याला घाबरायचं काही कारण नाही. चांगल्या खणखणीत आवाजात सांगायचे. आणि आता आमच्याच छपरीत सहाणेवरचं रक्त मी राखेने पुसत होते आणि माझ्या त्या आवाजाचा मला काडीचा उपयोग नव्हता. लोक काय म्हणतील याची भीती होती. आमच्या हातची हत्यारं कोण घेईल याची भीती होती. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, ती सांगायला मला आजही लाज वाटते. बाबांच्या जवळ बसायची भीती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाजेवर झोपले होते. पाय बाजेच्या बाहेर आलेले. मी खराट्याची एक काडी मोडून घेतली आणि त्यांच्या तळव्यावरून फिरवली. लहानपणी आम्ही असंच करायचो आणि ते झोपेतही पाय झाडून शिव्या घालायचे. पाय हलला नाही. मी काडी जोरात ओढली. मग टोचली. तळव्याला खळगा पडला, वर आला, आणि बाबा घोरत राहिले. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मी काडी टाकून मागच्या दारी जाऊन उभी राहिले. बाबा घोरायचे थांबेपर्यंत आत आले नाही.

आई चुलीपाशी होती. मी विचारलं, "बाबांचा पेला तू का नाही धूत?"

"ते धुऊ देत नाईत," आई भाकरी थापतच म्हणाली. "दोन महिने झाले. अंथरून बी अलग टाकून राह्यले. आपले कपडे आपणच पिळतेत."

"मग तू विचारलं नाहीस?"

"मले भेव वाटते," आई म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

म्हणजे घरात आम्ही तिघं, आणि तिघंही एकाच शब्दाला भिऊन एकमेकांपासून तोंड लपवत होतो. रात्रीची जेवणं गुपचूप व्हायची. बाबा आपल्या ताटाकडे पाहत, आई बाबांच्या बोटांकडे, आणि मी आईकडे.

खांडेनवमीला आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. चाक थांबतं, भाता थांबतो, कानस फडक्यात. वर्षातला तो एकच दिवस छपरी गप्प असते आणि एरवी मला तो गप्पपणा आवडायचा. पाटावर आमची आणि लोकांची सगळी हत्यारं ओळीने मांडलेली होती. रंधे, पटाशा, वाकस, करवती, भोकं पाडायचा सामता, कोन पाहायचा गुण्या. झेंडूची फुलं, हळद, कुंकू. पूजा दर वर्षी बाबांच्या हातची. त्या दिवशी ते रुमाल बांधलेला अंगठा मुठीत दाबून लांब उंबऱ्यापाशीच बसले.

"तू लाव कुंकू," ते मला म्हणाले. "माह्या हातानं नोको."

"काऊन?"

"लोकायची हत्यारं हायेत, माय. उद्या त्याइच्या हातात जातीन."

एवढंच म्हणाले. पण त्या एका वाक्यात दोन महिने आले. वेगळा पेला, वेगळं अंथरूण, स्वतः पिळलेले कपडे. स्वतःला काय झालंय यापेक्षा आपल्यापासून कुणाला काही होईल का, ही भीती घेऊन हा माणूस इतके दिवस आमच्यामध्ये वावरत होता, आणि आम्ही त्याला नखरे म्हणत होतो. मी कुंकवाची वाटी खाली ठेवली. आत गेले, खिडकीतला त्यांचा पेला आणला. त्यात त्यांचं उष्टं पाणी होतं अर्धा पेला. ते मी त्यांच्यासमोर प्यायले. शूर वगैरे नव्हते मी, दात पेल्यावर वाजत होते. पाणी संपलं तेव्हा बाबा तोंड फिरवून रडत होते, आणि आई दारात उभी होती.

बुलढाण्याला आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवर, हातांवर, कानांवर कुठे चट्टा आहे का पाहिलं, नसा चाचपल्या, तळव्याला कसलीशी बारीक तार लावली, रक्त काढलं. दोन तासांनी कागद पाहून म्हणाले, "साखर आहे. कित्येक वर्षांपासून असेल. त्यानेच नसा मेल्यात."

बाबांनी दोनदा विचारलं. "निसती साखर? दुसरं काही नाई?"

"दुसरं काही नाही."

बाबा हसले. दवाखान्यात बसलेल्या लोकांनी वळून पाहावं असे मोठ्याने हसले. मला म्हणाले, "सुमन, साखर हाय निसती! अव, साखर हाय!" आईने घरी आल्यावर देवापुढे पेढे ठेवले आणि गल्लीत वाटले. मधुमेह निघाला म्हणून पेढे वाटणारं जगातलं एकमेव घर आमचंच असेल. मीही खाल्ले दोन. डॉक्टर मात्र हसले नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तो आजार असता तर मी गोळ्या दिल्या असत्या, वर्षभरात विषय संपला असता. ज्याला भ्यायचं नव्हतं त्याला तुम्ही भीत बसलात. ह्याला भ्या. चार दिवस ती जखम तुम्ही तशीच ठेवलीत."

ते चार दिवस माझे होते. अंगठा आधी सुजला, मग टोकाला निळा झाला, मग काळा. रोज सकाळी पट्टी सोडताना मी आधी डोळे मिटून घ्यायचे आणि वासावरून अंदाज बांधायचे. बाबा आनंदाने सांगायचे, दुखत नाही बिलकुल. आणि ते दुखत नाही म्हणायचे तेव्हाच माझ्या अंगावर काटा यायचा, कारण दुखायला हवं होतं. दिवाळीच्या आधी पहिल्या पेरापर्यंत अंगठा काढावा लागला. धार पाहणारं टोक तेवढंच असतं.

त्यानंतरचा हिवाळा बाबांनी पाती घडवण्यात घालवला. ज्यांची ज्यांची हत्यारं बोटबोट खाल्ली गेली होती त्या प्रत्येकाला कमानीच्या पाट्याचं नवं पातं. युनूसभाईंना पहिलं. ते म्हणाले, अब्बाचं ते अब्बाचं, पण हे माझ्या पोराला सांगेन की भिकाजी मिस्त्रीने केलेलं. सांडशी धरायला चार बोटं पुरतात आणि रंग ओळखायला डोळे लागतात. भट्टी बाबांची राहिली. धार मात्र माझ्याकडे आली. आता मी बाबांच्या समोर माझ्या धारेवरून अंगठा आडवा नेते आणि ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत विचारतात, "पकडते का?" पकडते, म्हणते मी. दर तीन महिन्यांनी स्वतःची साखर तपासून घेते. पुण्याहून कोणी कोणी जुने रंधे पाठवतात, फोनवर माझी बोली ऐकून जरा थांबून बोलतात, पण पातं मिळालं की पुन्हा फोन करतात. काम बरं चाललंय.

फक्त डॉक्टरांची एक अट आहे. बधिरपणा बोटांपुरता आहे तोवर भट्टी चालू ठेवा. तळहातावर, मनगटाकडे आला की त्याच दिवशी बंद. विस्तवाने हात भाजला तरी त्यांना कळणार नाही. भट्टी बंद झाली तर बाबांकडे काय उरेल, हे डॉक्टरांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. म्हणून पिशव्या यायला लागल्या की मी कामाच्या निमित्ताने त्यांच्या अवतीभवती फिरते, कपबशी देताना त्यांच्या हाताकडे बघते, भाजल्याची खूण कुठे दिसते का ते शोधते. "वाढलं तर नाही ना, बाबा?" महिन्यातून एकदा तरी विचारते. "नाई व," ते म्हणतात. "बोटायच्या पुढं नाई गेलं." आणि मी विश्वास ठेवते, कारण भित्र्या माणसाला विश्वास ठेवायची फार घाई असते.

मागच्या मंगळवारी त्यांना तपासणीसाठी बुलढाण्याला नेलं. राजूरचा घाट चढून एसटी वर आली, स्टँडवर थांबली. दुपारचं लख्ख ऊन होतं, फेरीवाले शेंगा विकत होते. मी आधी उतरले आणि वळून बाबांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तळव्याला तळवा, मनगटापर्यंत घट्ट. एसटीची पहिली पायरी फार उंच असते. एक पायरी त्यांना उतरवलं. दुसरीवर ते थांबले. मागून कंडक्टर म्हणाला, "चाला बाबा, उतरा लवकर." बाबा समोरच्या गर्दीकडे पाहत होते, खाली पाहत नव्हते.

"सुमन," ते म्हणाले, "हात धर नं, माय. पडीन मी."

मी खाली पाहिलं. त्यांचा हात माझ्या हातांतच होता. मी इतका आवळून धरला होता की माझी नखं पांढरी पडली होती.

"धरते, बाबा," मी म्हणाले.